आल्याची बिअर काही बाटल्यांतच का बिघडते? दोष केमिकलचा की धुण्याचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच कळेल. तुम्ही जुळे सोलापुरात राहता. दोन-तीन महिन्यांपासून घरी आल्याची बिअर करताय: आलं, साखर, लिंबू आणि आल्याचंच विरजण. बाटल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या, बिअरच्या, ६५० मिलीच्या. भांडी घासायच्या लिक्विडने धुता, वरून उकळतं पाणी ओतता, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवता आणि मग साठवणीच्या पाण्याने विसळता. एवढं करूनही बारातल्या तीन-चार बाटल्या आंबट निघतात, दोनांवर पांढरी साय धरते आणि गेल्या आठवड्यात रात्री एक फुटली. आता विचारताय की स्टार सॅन, म्हणजे बाटल्या निर्जंतुक करायचं तयार आम्लाचं द्रावण, मागवू, की ब्लीचिंगच आणखी कडक करू? आणि हीच पद्धत पुढे खऱ्या बिअरला चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं आधी उरकतो. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा त्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरती केली तरी. त्यामुळे इथे मी आल्याच्या बिअरबद्दलच बोलणार. तिच्यातही थोडा अल्कोहोल तयार होतोच, म्हणून ती गॅस धरताच फ्रीजमध्ये घालून लवकर संपवायची, मुरवत ठेवायची नाही. माझा भाचा जर्मनीत असतो, तिथे घरी बिअर करायची मुभा आहे. बाटल्यांबद्दल त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतोय. दोन गोष्टी बिअरला वेगळ्या लागतात, त्या ओघात येतील.

मी कोण हे सांगायचं, तर वडिलांचा सोलापुरातच, साखर पेठेत गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक हौद आणि गॅस भरायचं एक मशीन. सातवीपासून मी त्या हौदावर बाटल्या धुतल्या. गड्ड्याच्या यात्रेच्या आधीचे आठ दिवस तर शाळेला दांडीच. गोटीची बाटली धुणं म्हणजे शिक्षा: गळ्यात गोटी, त्यामुळे ब्रश आत जात नाही. तिच्यापुढे तुमची बिअरची बाटली म्हणजे सुख आहे. पुढे मी सरबतं, सिरप आणि आल्याची बिअर करायला लागलो, पण हात बाटल्यांवरच बसला होता.

आता मुद्दा. तुम्ही तीन तक्रारी एकत्र बांधून त्यांना एकच औषध मागताय. माझ्या मते ते तीन वेगळे आजार आहेत.

पहिला, आंबटपणा. बारातल्या तीन-चारच आंबतात, ही फार मोलाची खूण आहे. बाराच्या बारा आंबल्या असत्या तर मी बाटल्यांकडे पाहिलंही नसतं. मग दोष विरजणात, पातेल्यात किंवा भरायच्या नळीत असता. एकाच पातेल्यातून भरलेल्या आठ बाटल्या चांगल्या आणि चार बिघडलेल्या, म्हणजे घाण त्या चार बाटल्यांच्या आत किंवा त्यांच्या बुचांना आहे.

दुसरा, पांढरी साय. ती धरणारे जीव हवेवर जगतात. बूच घट्ट बसलेलं असेल तर बाटलीतली मोकळी जागा थोड्याच वेळात कार्बन डायऑक्साइडने भरते आणि सायीला हवा उरत नाही. म्हणून साय दिसली की मी आधी बाटलीचं तोंड बघतो. बोट फिरवा: कडेला टवका उडालेला असतो, किंवा बूच तिरपं बसलेलं असतं. भंगारातल्या बाटल्या ओपनर नसला की टेबलाच्या कडेवर, दातावर, कशावरही उघडलेल्या असतात. टवका उडालेली बाटली तेलाला ठेवा, फसफसणाऱ्या पेयाला नको.

तिसरा, फुटणं. याचा स्वच्छतेशी संबंध थोडाच, त्यावर शेवटी येतो.

तर आंबटपणा. स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत. पहिलं नीट झाल्याशिवाय दुसरं होतच नाही. ब्लीचिंग असो, स्टार सॅन असो, ते पृष्ठभागावरच्या जिवाला मारतं. वाळलेल्या यीस्टचा पापुद्रा असेल तर वरचे मरतात, खालचे सुखरूप राहतात. त्यात क्लोरीनची आणखी एक खोड आहे: समोर जी घाण येईल तिच्यावर ते खर्च होऊन जातं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. कारखान्याच्या हौदात शेवटच्या खेपेला पाणी नुसतं वास मारायचं, काम काही करायचं नाही, ते यामुळेच. तुम्ही ब्लीचिंग वाढवाल, तरी पापुद्रा तिथेच राहील.

हा पापुद्रा दिसतो कुठे? दोन जागी. एक तळाच्या कोपऱ्यात, जिथे बाटलीचा तळ आत उचललेला असतो त्याच्या भोवतीच्या खोबणीत. दुसरा खांद्यावर, जिथे शेवटचा घोट वाळला तिथे पुसट कडं राहतं. ओल्या बाटलीत यातलं काहीच दिसत नाही. ओली काच नेहमी स्वच्छच दिसते. बाटली पूर्ण वाळू द्या आणि मग ट्यूबलाइटसमोर आडवी धरून हळूहळू फिरवा. वडील एका बाटलीला दोन सेकंद द्यायचे आणि तेवढ्यात अख्खी बाटली वाचायचे. आम्हाला दहा सेकंद लागतात, हरकत नाही. दुसरी परीक्षा पाण्याची: आत पाणी फिरवून ओता. पाण्याचा पातळ पडदा सलग उतरला तर काच स्वच्छ. थेंबथेंब होऊन थांबला तर तिथे तेलकटपणा आहे. तिसरी नाकाची: थोडी ओलसर बाटली बूच लावून रात्रभर ठेवा, सकाळी उघडून वास घ्या. कुबट आली की परत हौदात.

आता आपल्या पाण्याबद्दल, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नळाला उजनी धरणाचं पाणी रोज न येता काही दिवसांआड येणार, ते आपण पिंपात, टाकीत साठवणार आणि मधल्या दिवसांत बोअरचं वापरणार. बोअरचं पाणी जड. ते वाळलं की काचेवर क्षारांचा पांढरट थर बसतो, बादलीला बसतो तसाच. हा थर खरखरीत असतो आणि घाणीला धरून ठेवतो. त्यात ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतोच, म्हणजे तुम्ही दर खेपेला त्या थरावर आणखी एक हात मारताय. धुण्याचा सोडाही जड पाण्यात पांढरी भुकटी सोडतो. म्हणून इथे सोड्यानंतर आंबट धुणं लागतंच.

मी रविवारी करतो तो क्रम असा. भंगारातली बाटली असेल तर लिटरला एक मोठा भरलेला चमचा धुण्याचा सोडा, हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि रात्रभर बुडवून ठेवणं. सकाळी लेबल आपोआप सुटतं आणि आतला पापुद्रा फुगून मऊ होतो. मग बाटलीचा लांब ब्रश, तळाच्या खोबणीत वीस वेळा. पाण्याने विसळली की सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, लिटरला दोन छोटे चमचे घालून कोमट पाण्यात अर्धा तास. क्षार विरघळतात आणि काच बोटाखाली कुरकुरते. परत विसळायची आणि पालथी घालून वाळवायची. खायचा सोडा इथे कामाचा नाही, तो फार सौम्य. कॉस्टिक सोडा मोठ्या बाटली-धुलाई यंत्रांत असतो, पण तो घरी आणू नका. एक शिंतोडा डोळ्यात गेला तर जन्माचं नुकसान होतं.

एकदा बाटली अशी नवी करून घेतली की पुढच्या वेळी हे सगळं लागत नाही. पिऊन झाली की त्याच मिनिटाला तीनदा विसळून पालथी घाला. ही एक सवय लागली तर माझ्या उत्तरातला अर्धा भाग तुम्हाला विसरता येईल. घरात पाहुणे आले की बाटल्या तशाच राहतात आणि दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन बसावं लागतं, हे माझंही होतं.

निर्जंतुक करणं भरायच्या दिवशीच, भरण्याच्या अगदी आधी. आदल्या दिवशी करून ठेवलेली बाटली नुसती स्वच्छ समजा.

बारा बाटल्यांसाठी माझी पहिली पसंती उकळण्याला, कारण काही विकत आणावं लागत नाही आणि मागे काही उरत नाही. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घाला, बाटल्या कोमट पाण्याने भरून त्यात आडव्या ठेवा, पाणी वरपर्यंत येऊ द्या आणि मग गॅस लावा. उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पाणी शंभराऐवजी साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. त्याने काही फरक पडत नाही. आपल्याला त्रास देणारे यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू त्याच्या कितीतरी आधी मरतात. उकळूनही तगणारे जे बीजाणू असतात, ते आल्याच्या आंबट पेयात उगवत नाहीत. उकळताना पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व टाकलं तर क्षारही बसत नाहीत.

तुम्ही करता तसं थंड बाटलीत उकळतं पाणी ओतणं मात्र आजपासून बंद करा. एक तर काच पाण्याची उष्णता ओढून घेते आणि गळ्यापर्यंत ती पोचतही नाही. दुसरं म्हणजे काचेला एकदम चाळीसएक अंशांचा फटका बसला की ती तडकू शकते. कधी डोळ्यांसमोर फुटते, कधी केसाएवढी चीर पडते आणि दिसत नाही. तुमची रात्री फुटलेली बाटली अशातलीही असू शकते.

क्लोरीन वापरायचंच असेल तर पावडरऐवजी चार टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं हायपोक्लोराइट द्रावण घ्या. लिटरला ५ मिली, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीन होतं. दहा मिनिटं पुरतात. मे महिन्यात गच्चीखालच्या कपाटात ठेवलेल्या बाटलीतलं क्लोरीन उडून जातं, म्हणून ताजी आणि छोटी बाटली आणा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि क्लोरीन एकत्र येता कामा नये. त्यातून विषारी वायू निघतो. मधे भरपूर विसळणं झालंच पाहिजे, आणि दोन बादल्या शेजारी-शेजारीही ठेवू नका.

क्लोरीननंतर विसळावं लागतं, आणि तुमचा खरा घोटाळा मला इथे दिसतो. यात माझेही पैसे बुडालेत. एका उन्हाळ्यात मी चाळीस बाटल्या अगदी नियमाने धुतल्या, क्लोरीनमध्ये बुडवल्या आणि शेवटी पिंपातलं पाणी तांब्याने घेऊन विसळल्या. पिंप तीन दिवसांपूर्वी भरलेलं. आठवड्याभरात चाळीसपैकी अकरा-बारा बाटल्यांना चिकट ताराच सुटल्या. मी आधी आल्याला शिव्या घातल्या, मग विरजणाला. पिंपात हात घातला तेव्हा आतल्या भिंतीला बुळबुळीत लागलं. ते पाणी मी स्वतःच्या हाताने, निर्जंतुक केलेल्या बाटलीत ओतलं होतं! तेव्हापासून शेवटच्या विसळणीचं पाणी आमच्याकडे आदल्या रात्री उकळून, त्याच पातेल्यात झाकण न काढता निववलेलं असतं. बाराएक बाटल्यांना तीन-चार लिटर पुरतं. तुमच्या चार बाटल्या का, आणि आठ का नाहीत, याचं निम्मं उत्तर तुमच्या पिंपात असण्याची दाट शक्यता आहे. पाण्यातून जंतू सगळ्या बाटल्यांत सारखे जात नाहीत. कुठे पडतात, कुठे पडत नाहीत.

स्टार सॅनचं म्हणाल तर ते चांगलं आहे. फॉस्फोरिक आम्ल आणि फेस करणारं एक द्रव्य, लिटरला साधारण दीड मिली, एक-दोन मिनिटं, आणि नंतर विसळायचं नाही. न विसळणं हाच त्याचा मोठा फायदा, कारण पिंपाचा प्रश्नच मिटतो. पण बोअरच्या जड पाण्यात ते लगेच गढूळ होतं आणि त्याचा आंबटपणा उतरतो. आरओच्या पाण्यात कालवा. बारा बाटल्यांसाठी मी ते मागवणार नाही. महिन्याला शंभर करत असाल तर मागवा.

आणखी काही जण पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सुचवतील, स्क्वॅशवाले वापरतात ते. ते टिकवण्यासाठी असतं. बाटलीत उरलं तर तुमचं यीस्टच झोपतं आणि गॅस धरत नाही. पोटॅशियम परमँगनेटने काचेवर तपकिरी डाग पडतात. दोन्ही नकोत. ओव्हनमध्ये १७० अंशांवर तासभर तापवणं उत्तम निर्जंतुक करतं, पण बाटल्या थंड ओव्हनमध्ये ठेवून तिथेच निवू द्याव्या लागतात. सिरपच्या बाटल्यांना मी तसं करतो. फसफसणाऱ्या पेयाच्या बाटल्यांना वारंवार तापवणं मला पटत नाही.

बाटली निथळायला पालथी घातली की तिला फडकं लावायचं नाही. आमच्या घरी ही लढाई दहा वर्षं चालली. पाहुण्यांसमोर ठेवायच्या ग्लासाला फडकं शोभतं, इथे ते सगळ्यात घाण कापड. आत उरलेले चार थेंब उकळलेल्या पाण्याचे असतील तर राहू देत.

बुचं आणि नळी, हे लोक विसरतात. धातूची बुचं दरवेळी नवी घ्या, एकदा वाकवलेलं बूच परत घट्ट बसत नाही. ती फार वेळ उकळू नका, आतलं अस्तर सैल होतं. गरम पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवली की पुरे. तारेच्या झाकणाची बाटली असेल तर रबरी वायसर काढून त्याच्या खोबणीत बघा, काळी रेघ असतेच. भरायची प्लास्टिकची नळी पिवळी पडली किंवा आतून चरे पडले की फेकून द्या. चाळीस-पन्नास रुपयांच्या नळीसाठी बारा बाटल्या घालवू नयेत.

भाच्याच्या बिअरला दोन गोष्टी वेगळ्या. क्लोरीनचा अंश राहिला तर माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, द्रव्यांशी मिळून दवाखान्यासारखा वास येतो, आणि तो अगदी नगण्य प्रमाणातही जाणवतो. म्हणून तो क्लोरीन वापरतच नाही. दुसरं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) असलेल्या बिअरला उजेड लागला की उग्र घाण वास धरतो, म्हणून तपकिरी बाटली. आल्याला याची फिकीर नाही.

आता फुटणं. हिशेब साधा आहे. लिटरमध्ये चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. बिअरची बाटली तीन-साडेतीन लिटरच्या हिशेबाने बनवलेली असते. तुम्ही लिटरला ८० ग्रॅम साखर घालता असं लिहिलंय. ती सगळी आंबली तर वीस लिटर! कोणतीच बाटली हे झेलणार नाही, कितीही निर्जंतुक करा. तुम्हाला वाचवतं ते फ्रीज, आणि थंडीत जे तीन-चार दिवसांत होतं ते इथल्या एप्रिल-मेमध्ये, घरात ३६-३७ अंश असताना, एका दिवसात होतं. दिवस मोजू नका. दर खेपेला एक छोटी प्लास्टिकची सोड्याची बाटली त्याच पेयाने भरा आणि बाकीच्यांशेजारी ठेवा. ती दाबून बघत राहा. दगडासारखी झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. प्लास्टिकला गरम पाणी लावू नका, आकसते. आणि बाटल्या बादलीत, वर जाड सोलापुरी चादर टाकून ठेवा. काच उडाली तरी चादरीत राहते. भंगारातली ज्या बाटलीच्या खांद्यावर आणि तळाला पांढरा घासलेला पट्टा रुंद झालाय, ती बऱ्याच फेऱ्या फिरून आलेली असते. तिच्यात गॅस भरू नका.

पुढच्या खेपेला एवढं करा. बुचांवर मार्करने एक ते बारा आकडे टाका. एक ते सहा उकळून घ्या, सात ते बारा तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, पण उकळतं पाणी न ओतता आणि शेवटची विसळणी उकळून निववलेल्या पाण्याने. कोणते आकडे आंबट निघाले ते कळवा. आणि त्याआधी पिंप रिकामं झालं की आतल्या भिंतीवरून हात फिरवून बघा.